धाकटीच्या गाण्यांची यादी

माझ्या धाकट्या बहिणीची आजवर रेकॉर्ड झालेली सगळी गाणी माझ्याकडे आहेत. तिच्याकडेही इतकी नाहीत. हे कळलं की लोक म्हणतात, "किती कौतुक हो तुम्हाला बहिणीचं!" मी नुसती हसते. गाणी जमवण्याचं खरं कारण मी अगदी परवापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

धाकटी पुण्याला असते. ती पॉप गायिका आहे. स्वतःच गाणी लिहिते, स्वतःच चाली लावते, गिटार घेऊन गाते. मी नागपुरात, बेसा भागातल्या फ्लॅटमध्ये, नवरा आणि आईसोबत. नोकरी परीक्षा विभागात कारकुनाची. याद्या करणं, तपासणं, चुकलेलं नाव दुरुस्त करणं हेच माझं रोजचं काम. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी तिचा फोन आला, तेव्हा तिनं योग्य माणसालाच पकडलं होतं. मी गॅलरीत सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत बसले होते. आईला सांबारवडी करायची होती.

"ताई, एक काम आहे वं. करशील?"

"बोल."

"मले माझ्या सगळ्या गाण्यांची यादी पाहिजे. नवीन कंपनी जुनी गाणी एका जागी आणून राहिली. कोणतं गाणं कधी आलं, कुठं रेकॉर्ड झालं, शब्द कोणाचे, चाल कोणाची, कोणी काय वाजवलं, सगळं भरून मागते. माझा जुना लॅपटॉप तर मेला."

"माझ्यापाशी असंल हे कोणी सांगितलं तुले?"

"आई म्हणे, ताईपाशी एकूण एक आहे."

आईला माहीत होतं तर. मी हो म्हटलं.

आता मागचं सांगते. आमच्या घरात गाणं शिकलेली मी. नऊ वर्षं गाण्याच्या बाईंकडे जात होते. आठवड्यातून चार दिवस, उन्हातान्हात सायकलवर. परीक्षा दिल्या, विशारद झाले. घरी पाहुणे आले की आई म्हणायची, "म्हण गं एखादं," आणि मी सतरंजीवर बसून म्हणायचे. धाकटीनं दोन वर्षांत बाईंचा क्लास सोडला. तिला पलटे घोटायचा कंटाळा. ती आपली दारात बसून शेजारच्या काकूंवर, भाजीवाल्यावर, आमच्या गणिताच्या सरांवर गाणी जुळवायची, आणि पाहुणे माझं गाणं संपल्यावर तिला म्हणायचे, "आता तू ते भाजीवाल्याचं म्हण." मग सगळे पोट धरून हसायचे. मीही हसायचे. पण तंबोरा गवसणीत घालताना माझे कान तापलेले असायचे.

तिचं पहिलं गाणं मे महिन्यातल्या एका दुपारी आमच्या जुन्या घरात माझ्या मोबाइलवर रेकॉर्ड झालं. तिचा मोबाइल कायम भरलेला. मी हातात फोन धरून उभी आणि ती पलंगावर मांडी घालून बसलेली. कूलर बंद करायला आई तयार होईना. "गाणं होईल तेव्हा होईल, मी इथं शिजून मरू काय?" म्हणाली. त्यामुळे गाण्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत कूलरची घरघर आहे. गाणंही उन्हाळ्याच्या सुट्टीवरच होतं. ते तिनं इंटरनेटवर टाकलं आणि आठवड्याभरात लोक एकमेकांना पाठवू लागले. कुणी लिहिलं, तो कूलरचा आवाज म्हणजे कमाल. कुणी लिहिलं, अशी कल्पना सुचायला प्रतिभा लागते. मी ते सगळं पुन्हा पुन्हा वाचलं. माझ्या नऊ वर्षांना कधी कुणी कमाल म्हटलं नव्हतं आणि इथं कूलरचं कौतुक चाललं होतं.

त्या दिवसापासून मी तिचं प्रत्येक गाणं साठवून ठेवू लागले. ती आधी मलाच पाठवायची. मी दार लावून, कानात इअरफोन घालून ऐकायचे, आणि चुका शोधायचे. त्यासाठी एक वही होती. इथं सूर घसरला. इथं श्वास पुरला नाही. हा शब्द चालीत कोंबला. मग तिला फोन करून म्हणायचे, "छान आहे." एवढंच. चुका मी तिला कधी सांगितल्या नाहीत. सांगितल्या असत्या तर तिनं दुरुस्त केल्या असत्या.

घरच्या घरी केलेली चार गाणी झाली, मग ती पुण्याला गेली. तिथल्या स्टुडिओत पहिला अल्बम झाला, आठ गाण्यांचा. त्यानंतर सुटी गाणी, एका मालिकेचं शीर्षकगीत, मग दुसरा अल्बम, मग एका कार्यक्रमात लोकांसमोर गायलेल्या गाण्यांचं रेकॉर्डिंग. त्यात लोक तिच्या आधी ओळी म्हणतात आणि ती गाणं थांबवून हसते. ते हसू ऐकून मी एकदा इअरफोन काढून टाकले होते.

एकदा ऑफिसातून सुटल्यावर मी बर्डीवर, बाजारात, मोबाइलचं कव्हर घ्यायला थांबले. स्टॉलवर तिचंच गाणं वाजत होतं. दुकानदार ताल धरून कव्हरं लावत होता. मला म्हणाला, "मॅडम, आपल्या नागपूरची पोरगी आहे ही. मालूम आहे का?"

"असंल," मी म्हटलं, आणि कव्हर न घेताच मेट्रोच्या जिन्याकडे निघाले. घरी आले तर आई भाजी चिरता चिरता तेच गाणं ऐकत होती. मी आत जाऊन नळ सोडून हातपाय धूत बसले, गाणं संपेपर्यंत.

तर अशा माणसाकडे तिनं यादी मागितली होती.

मी तीन रविवार बसले. रकाने आखले, फाइली उघडल्या, जुने मेसेज काढले. काम चोख झालं, ते मला जमतंच. पण एकेका गाण्यापुढे तिचं नाव लिहिताना हात जड व्हायला लागला. शब्द, तिचे. चाल, तिची. आवाज, तिचा. पुन्हा शब्द तिचे, चाल तिची. चाळीसच्या वर गाणी, आणि मी प्रत्येक ओळीत तीन तीनदा तिचं नाव टाइप करत होते.

दुसऱ्या अल्बममधलं एक गाणं आलं. खाप्याचं. खापा आमचं आजोळ, कन्हान नदीच्या काठी. मामेबहिणीच्या लग्नाला आम्ही दोघी गेलो होतो, आणि हळदीच्या दिवशी सगळ्यांची नजर चुकवून नदीवर जाऊन बसलो होतो. पाण्यात पाय सोडून. तिथंच हे गाणं सुचलं असं ती सगळीकडे सांगते. लोकांना तिचं हे गाणं सगळ्यात जास्त आवडतं. मलाही. चूक काढायला म्हणून मी ते कितीदा ऐकलं असेल, पण वहीत त्या गाण्याखाली पान कोरं आहे.

चालीच्या रकान्याशी मी थांबले. मनात आलं, ते सूर तिच्या कानावर कुठून पडले? मी रोज सकाळी रियाज करायचे, ती शेजारच्या खोलीत लोळत पडलेली असायची. म्हणजे अर्धी चाल माझीच नाही का? नदीवर मीही होतेच की. कदाचित मीच काही गुणगुणले असेन. असं करत करत मी स्वतःला पटवलं आणि तिच्या नावापुढे माझं नाव टाइप केलं. छान दिसत होतं. मी यादी पाठवून दिली. सोबत एक शब्द लिहिला नाही.

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसात डबा खात असताना तिचा फोन आला.

"ताई, यादी पाहिली. एक नंबर! एवढं तर मलेही आठवत नव्हतं."

"बरं."

"आणि खाप्याच्या गाण्यात तू तुझं नाव टाकलं नं?"

मी घास डब्यात परत ठेवला. "हो."

"बरं केलं. मी केव्हाची म्हणणार होती. तूच म्हटली होती नं वं अर्धी ओळ तिथं? मले तर राहूनच गेलं."

आवाजात काही नव्हतं. टोमणा नाही, दुखावलेपण नाही. नेहमीसारखी हसत बोलत होती. मी फोन ठेवला आणि डबा तसाच बंद केला. तिला खरंच तसं आठवत होतं, की तिनं मला अर्धी चाल देऊन टाकली होती, जुनी ओढणी द्यावी तशी? तिच्याजवळ एवढं होतं की त्यातून अर्धं काढून दिलं तरी तिला फरक पडत नव्हता. मी चोरी केली, आणि तिनं त्या चोरीची भेट करून टाकली. तेवढा राग मला तिचा आयुष्यात कधी आला नव्हता.

घरी आल्या आल्या मी लॅपटॉप उघडला. नदीवरचं रेकॉर्डिंगही माझ्याच मोबाइलवर झालेलं होतं. तेव्हापासूनची फाइल माझ्याजवळ होती आणि मी ती एकदाही ऐकली नव्हती. आई समोर बसली होती, तिला म्हटलं जरा टीव्ही बारीक कर.

आधी पाण्याचा आवाज. दगडावर कपडे आपटणाऱ्या बायका. मग धाकटी गुणगुणते. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा तर शब्दांसकट. संपूर्ण मुखडा, आज जसा आहे तसाच. मग ती विचारते, "ताई, कसं वाटते वं?" आणि माझा आवाज येतो, स्पष्ट, कोरडा. "त्यात काय आहे? असं तर कोणीबी करंल. चल, आई शोधत असंल."

फाइल तिथं संपते.

आईनं ऐकलं होतं. टीव्हीचा आवाज तिनं पुन्हा वाढवला नाही.

मी गॅलरीत जाऊन धाकटीला फोन लावला.

"त्या खाप्याच्या गाण्यातून माझं नाव काढ."

"काहून?"

"चाल तुझी आहे. पूर्ण. माझ्यापाशी रेकॉर्डिंग आहे, आताच ऐकलं."

"राहू दे नं ताई. माझी काही हरकत नाही."

"माझी आहे."

"मग टाकलंच काहून?"

खाली पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी धूत होतं. मी त्या पाण्याकडे बघत राहिले. खोटं काय सांगावं ते सुचेना, म्हणून खरं सांगितलं.

"जळते मी तुझ्यावर."

ती म्हणाली, "कधीपासून?"

"पहिल्या गाण्यापासून. त्याच्या आधीपासूनही असंल."

"आणि मी प्रत्येक गाणं पहिले तुलेच पाठवत होती," ती म्हणाली. आता तिचा आवाज बदलला होता. "मले वाटे, ताई मनापासून ऐकते."

"मनापासूनच ऐकत होती."

तिनं फोन कापला.

मी यादी दुरुस्त करून त्याच संध्याकाळी पाठवली. पोचल्याचंही उत्तर आलं नाही. पुढे दीड महिना तिनं मला फोन केला नाही. आईला करायची. आई मुद्दाम स्पीकर लावून हॉलमध्ये बसायची, पण धाकटी माझी चौकशी करायची नाही. त्या काळात तिचं एक नवीन गाणं आलं. पहिल्यांदाच ते मला सगळ्या जगाबरोबर ऐकायला मिळालं. तेवढंही मला झोंबलं. माझ्याआधी पुण्यातल्या कुणीतरी ऐकलं असणार, या विचारानं मी दिवसभर ऑफिसात चिडचिड केली.

मार्चमध्ये तिचा नागपुरात कार्यक्रम होता. उतरायला ती घरीच आली, आईसाठी. माझ्याशी मोजकं बोलली. पाणी दे, टॉवेल कुठं आहे, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते, ती येऊन ओट्याला टेकून उभी राहिली. खिशातून इअरफोन काढले, आणि माझे हात कणकेचे म्हणून तिनंच ते माझ्या कानात घातले.

"नवीन आहे," म्हणाली. "कोणालेच ऐकवलं नाही अजून. जळत जळत ऐक, पण ऐक. आणि या वेळेस 'छान आहे' म्हणू नको."

मी हात परातीत तसेच ठेवून ऐकलं. गाणं आईवर होतं. चांगलं होतं, नेहमीसारखंच, आणि मी नेहमीसारखीच जळले. संपल्यावर मी म्हटलं, "दुसरा अंतरा रेंगाळते. मधल्या दोन ओळी काढून टाक."

तिनं गाणं पुन्हा लावून स्वतः ऐकलं, डोळे मिटून.

"नाही," शेवटी म्हणाली. "राहू दे. तसाच राहील तो."

"तुझी मर्जी."

"हाव, माझी मर्जी," ती म्हणाली, आणि परातीतला कणकेचा गोळा उचलून लाट्या करायला लागली.

गाणं मेमध्ये आलं. दुसरा अंतरा तसाच आहे. लोक नेमका तोच अंतरा म्हणत स्वतःचे व्हिडिओ टाकताहेत. ऑफिसातल्या दोघी-तिघी तर जेवणाच्या सुट्टीत तोच गुणगुणतात. मी यादीत शेवटी आणखी एक ओळ वाढवली. शब्द तिचे, चाल तिची, आवाज तिचा. अंतरा रेंगाळतोच, असं माझं अजून म्हणणं आहे, आणि ते मी तिला दर फोनला सांगते.