एकाच हातमोज्याने पुसलेल्या दोन जखमा

रिपोर्टवर औषधांची नावं एकाखाली एक होती आणि बहुतेक सगळ्यांपुढे 'आर' हे अक्षर. आर म्हणजे रेझिस्टंट. ते औषध या जंतूवर चालत नाही.

"हा एमआरएसए," हाडांचे डॉक्टर म्हणाले. "नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद न देणारा जंतू. तुम्ही घरून आणलेला नाही, ताई. हा बहुतेक इथलाच, हॉस्पिटलमधला."

ते इतक्या सहज म्हणाले की मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी ताडकन उठून उभी राहिले. भीतीने नव्हे, संतापाने.

कुंभमेळ्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. माझे मिस्टर सुधाकर अंबडच्या कारखान्यात टर्नर, दिवसभर लेथवर उभ्याने काम. शहरातल्या द्वारका चौकात ट्रकने त्यांच्या स्कूटरला उडवलं. नडगीचं हाड मोडलं, ऑपरेशन करून प्लेट बसवली. आठव्या दिवशी ताप, मग टाक्यांतून पू. तीन वेळा अँटिबायोटिक बदललं, पण पू तपासायला कुणी पाठवला नाही. मी हट्टच धरला तेव्हा कल्चर झालं. म्हणजे पुवातले जंतू काचेच्या ताटलीत वाढवून ते कशाने मरतात हे बघणं.

"औषधाने कच्चे जंतू मरतात," डॉक्टरांनी समजावलं. "एखादा चिवट उरतो, त्याचीच पिल्लावळ वाढते. इथे रोज एवढी औषधं चालतात की चिवटच टिकतात."

"आणि एका पेशंटकडून दुसऱ्याकडे कसे जातात?"

"बहुतेक वेळा हातांवरून."

वॉर्डात परतले. शेजारच्या खाटेवर सुरगाण्याकडचे एक बाबा होते, डायबेटिसने पाय सडलेला. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"बाई, तो ड्रेसिंगवाला माझा पाय पुसतो न् तेच हातमोजे घालून तुझ्या मालकाकडं जातो. रोज बघतो मी. पण माझं कोण ऐकतंय?"

ड्रेसिंगच्या वेळी ड्रेसर "ताई, बाहेर थांबा" म्हणायचा आणि मी, शिकलेली बाई, मुकाट्याने जायची. माझाच मला राग आला.

दुसऱ्या दिवशी मी हलले नाही. तो बाबांकडून आमच्याकडे वळला तशी आडवी उभी राहिले.

"मोजे बदला. हात धुवा."

"अजून अठरा पेशंट आहेत, ताई."

"मग अठरा वेळा धुवा."

तो बेसिनपाशी गेला. तिथे साबणच नव्हता. मी तशीच हॉस्पिटलच्या प्रमुख डॉक्टरांच्या केबिनमध्ये शिरले.

"इन्फेक्शन कुणाकडून लागलं हे सिद्ध करता येत नाही," ते म्हणाले.

"साबण नाही, हे तर येतं ना?"



प्लेट काढावी लागली. रिपोर्टवरच्या औषधांत व्हँकोमायसिन तेवढं चालणारं होतं. ते सहा आठवडे सलाइनमधून दिलं. पाय वाचला, पण आखूड झाला. लेथवर उभं राहणं संपलं, आता ते कारखान्याच्या स्टोअरमध्ये बसतात. बाबांचा पाय गुडघ्याखाली कापला. त्यांच्या सुनेला कुणी काहीच सांगितलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. त्या म्हाताऱ्याचे उपकार मी विसरणार नाही. एवढ्या शिकलेल्या माणसांत हातमोज्यांचं स्पष्ट बोलले ते एकटेच.

तुमचं माणूस दाखल असेल तर ड्रेसिंगच्या वेळी बाहेर जाऊ नका. कल्चर मागा. समोरच्याला हात धुवायला सांगायची लाज बाळगू नका.

सलाइनचे ते सहा आठवडे चालू असतानाच बाबांच्या खाटेवर नवा पेशंट आला, तेव्हा त्याच्या बायकोला मी हेच सांगत होते. हेड सिस्टर धावत आल्या.

"तुम्ही पेशंटना भडकवताय!"

"हो," मी म्हटलं, "भडकवतेय."