शिवाप्पा मामांचे टाळ

गिरणीचा दुसरा भोंगा होऊन गेला होता. तिसरीच्या मुलांना पाढे म्हणायला लावून मी खिडकीशी उभा होतो, तेवढ्यात आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या रूथबाई शाळेच्या फाटकातून आत येताना दिसल्या. हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. "मामा गेले, मास्तर. पहाटेच गेले. हे तुमच्याकडं द्यायला सांगितलं हुतं मला," असं म्हणून त्यांनी ते फडकं टेबलावर ठेवलं, आणि आत टाळ किणकिणले... पाढे थांबले. मामा गेल्याचं दुःख तर होतंच, पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला रूथबाईंकडे वर मान करून पाहवत नव्हतं. त्याचं कारण सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

शिवाप्पा मामा मूळचे कानडी मुलखालगतच्या मैंदर्गीचे. सोलापुरात गिरणीत लागले, इथंच प्रभूचे झाले. बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकसाहेबांनी एखादं नवं नाव घ्या म्हणून सुचवलं, तर म्हणाले, "देवाला ह्येच नाव ठाऊक हाय की. बदललं तर हाक कुणाला मारंल?" नाव तेच राहिलं. आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेचं गायन तेच चालवत. हातात टाळ, टाळांची दोरी गिरणीतल्या सुताची स्वतः वळलेली, आणि ताल मोजायचा तो कानडीत: ओंदू, एरडू, मूरू, नाल्कू! माणूस मोठा तापट. तपकिरीची डबी सापडली नाही तरी सगळं घर डोक्यावर घेत. साधुपुरुष म्हणून त्यांचं चित्र कुणी काढलं असतं तर आमच्या गल्लीला हसू आवरलं नसतं.

मी मात्र त्या काळात साधुपुरुष होण्याच्या मार्गाला लागलो होतो. नुकताच ट्रेनिंग घेऊन आलो होतो. पहाटेची प्रार्थना, शुक्रवारचा उपास, चहा वर्ज्य, सगळं वहीत लिहून ठेवलेलं. तरुणांच्या सभेत मी 'आत्मिक प्रौढता' या विषयावर सव्वा तास निबंध वाचला. त्यातले अर्धे शब्द माझे मलाच कळले नसतील. मामा पुढेच बसून शांतपणे घोरत होते. सभा सुटल्यावर पाठीवर हात ठेवून म्हणाले, "चांगलं हुतं मास्तरा. पर लई लांब हुतं." तो राग माझ्या मनात बसला.

पुढे देवळासाठी हार्मोनियमची पेटी आली. वाजवणारा मी एकटाच. पण पेटी चालायची ठराविक तालात, आणि मामांचा ताल मामांच्या मर्जीचा. भाकऱ्या उरकून धावत येणारी एखादी बाई दारात दिसली की ती चपला काढून आपल्या जागी टेकेपर्यंत मामा ओळ काही संपवत नसत. मी घामाघूम होई. शेवटी पंचांच्या बैठकीत मी विषय काढला. मामा कडवी विसरतात, गायन मागे ओढतात... पंच काही हलेनात. तेव्हा मी म्हणालो, "मंडळीत तक्रार आहे." कुणाची, असं विचारल्यावर म्हणालो, "नाव कशाला घ्यायचं? बायकांच्या बाजूनं आहे."

ते साफ खोटं होतं. तक्रार एकट्या माझी होती.

गायन माझ्याकडे आलं. मामा भर देवळात उभे राहून कडाडले, "पेटी बडवून भजन येत न्हाय, मास्तरा!" आणि टाळ घेऊन चालते झाले. सगळ्या गल्लीत कुजबुज सुरू झाली की तक्रार केली कुणी? मामा एकदा एक कडवं विसरले होते तेव्हा रूथबाई खळखळून हसल्या होत्या, एवढं लोकांना पुरलं. शेजारणी त्यांच्याशी तुटक वागू लागल्या. विणकरांची चार-पाच घरं मामांच्या दारी जाऊन म्हणाली, "मामा, आपुन आपलं येगळं भजन बसवू. तुमी हितं गा, आमी हितं येतो." देवळाचे दोन भाग व्हायला आता मामांच्या एका होकाराचाच अवकाश होता.

आमच्याकडे रीत अशी की दर रविवारच्या प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळी तयारीची उपासना होते. तिच्यात पाळकसाहेब विचारतात, "कुणाच्या मनात कुणाविषयी काही आहे का?" या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं. दोघंतिघं खोकतात, कुणी पदर सारखा करतं, आणि प्रार्थना सुरू होते. वर्षानुवर्षं असंच चाललेलं. त्या शनिवारीही खोकून झालं, आणि दाराशी आवाज आला, "हाय. माझं हाय."

मामा उभे होते. "ह्या मास्तरवर मी रागावलोय. लई रागावलोय. राग जावा म्हणून आठ दिस प्रार्थना केली, त्यो गेला न्हाय. पर उद्या मला प्रभूच्या पंगतीला बसायचंय. तवा आता काय करायचं, ते तुमीच सांगा!"

मग कुणीतरी हसलं आणि सगळं देऊळ हसू लागलं. मामाही हसले, तरातरा येऊन माझ्या पेटीशेजारी सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "शिकव तुझा ताल." आणि मी काय म्हणावं? "मामा, मी तुम्हांला क्षमा केली!" आज आठवलं तरी कानाची पाळी तापते. निबंध लिहिणारा मी, आणि क्षमा मागायची कुणी, करायची कुणी, एवढंही मला कळत नव्हतं.

त्यानंतर मामा माझ्या पेटीला टाळाची साथ करू लागले. वेगळं भजन बसवायला आलेली घरं मुकाट्यानं परत देवळात आली. मामा दर दहा-पंधरा दिवसांनी कुणावर तरी भडकत आणि शनिवारी सगळ्यांसमोर उभे राहून सांगत. हळूहळू आणखीही एकदोघं उभे राहू लागले. मी कधीच राहिलो नाही.

या उन्हाळ्यात मामांनी अंथरूण धरलं. एका दुपारी त्यांची बाज लिंबाखाली टाकली होती, मी पायाशी बसलो होतो, आणि एकाएकी माझ्या तोंडून निघून गेलं, "मामा, तक्रार कुणाचीच नव्हती. मी खोटं बोललो."

"ठाऊक हाय की."

"मग इतकी वर्षं बोलला का नाही?"

"तुझ्या तोंडानं यायचं हुतं. लई येळ लावलास गड्या!" असं म्हणून ते खोकला येईपर्यंत हसले. मग जरा दम खाऊन म्हणाले, "पर मला सांगून भागतंय व्हय? नाव माझं न्हाय खराब झालं. रूथीचं झालं. तिला सांग. मंडळीला सांग."

मी 'सांगतो' म्हणालो. दोन शनिवार आले नि गेले, आणि दोन्ही वेळा मी खोकलो. तिसऱ्या आठवड्यात रूथबाई ते फडकं घेऊन शाळेत आल्या. मामांना टाळ कुणाच्याही हाती पाठवता आले असते. त्यांनी मुद्दाम रूथबाईंच्याच हाती पाठवले... मरता मरता म्हाताऱ्यानं मला बरोबर कोपऱ्यात गाठलं होतं!

गेल्या शनिवारी पाळकसाहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी उभा राहिलो. म्हणालो, "आहे. माझं आहे." सगळं सांगितलं. खोटं कुठं बोललो, कुणाच्या माथी गेलं, किती वर्षं गप्प बसलो. या वेळी कुणी हसलं नाही. रूथबाई बायकांच्या बाजूनं उठल्या. "मास्तर, शेजारणीनं माझ्या घरचं पाणी घेतलं न्हाय त्या वरसी. मला राग आलाय. आज जायचा न्हाय त्यो." आणि त्या घरी निघून गेल्या. मला रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, पण छातीवरचं ओझं मात्र उतरलं होतं.

रविवारी सकाळी मी पेटी उघडून बसलो. मामांचे टाळ शेजारच्या खिळ्याला टांगले होते. पहिलं गीत सुरू करणार, तोच दारात रूथबाई दिसल्या. पाठोपाठ आणखी दोघी धावत येत होत्या. माझा हात आपोआप थांबला. त्यांनी सावकाश चपला काढल्या, सगळ्या बायकांना ओलांडून थेट पेटीपाशी आल्या, खिळ्यावरचे टाळ काढले आणि मामांच्या जागी बसल्या.

"राग निम्मा हाय अजून," त्या हळूच म्हणाल्या. "त्या दोघी बसू द्या, मग सुरू करा." दोघी टेकल्या तसे त्यांनी टाळ उचलले. "ओंदू, एरडू..." आणि मी भाता ओढला.