यवतमाळच्या नाटकातला वन्समोअर

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोरींना नाही. म्हणजे नाटकाची गोष्ट सांगितली — इतक्यांदा सांगितली की मी 'यवतमाळले गेलतो' म्हटलं की सुना उठून कामाला लागतात — पण त्यातली एक जागा मी दरवेळी बदलून सांगत आले.

सरळ तिथंच जावं तर जीभ वळत नाही. माझी जीभ! अख्ख्या गल्लीत माझ्या तोंडाला कोणी लागत नाही. तर आधी नाटकाचं सांगते, चालेल ना?

साठ सालाच्या आगंमागंची गोष्ट. मी दिग्रसला आठवीत होते. यवतमाळला संगीत नाटकाची कंपनी उतरली होती आणि शाळांसाठी दुपारचा खेळ ठेवला होता. आमच्या मराठीच्या बाईंनी ठरवलं, पोरींना न्यायचं. पोरी आणि नाटकाला! माझा बाप म्हणाला, "कायले पायजे पोरीले नाटक?" पण बाई घरोघर फिरल्या, ओट्यावर बसल्या, एकेका बापाला शब्द दिला — मुली मान खाली घालून जातील आणि तशाच परत येतील. त्या बाई नसत्या तर माझ्या जन्मात गाणं आलं नसतं. त्यांचे उपकार मी रोज आठवते, खोटं नाही सांगत.

बसमध्ये त्यांनी बजावलं, तोंडातून चकार शब्द काढायचा नाही.

माझ्या शेजारी जमनी. गावाबाहेरच्या तांड्यावरची, बंजाऱ्याची पोर, रोज पायी शाळेत यायची. आवाज असा खणखणीत की नाल्यापलीकडची गाय वळून पाहायची. त्या वर्षी गॅदरिंगला एकटीनं गायचं ते तिनंच, हे ठरलेलं होतं. तिची याडी, म्हणजे आई, पहिल्यांदाच शाळेत येणार होती, लेकीचं गाणं ऐकायला. जमनीला दुसरा विषयच नव्हता.

आणि ते नाटक — काय सांगू तुम्हाला? पेटीचा पहिला सूर लागला आणि मी बापाला विसरले, बाईंना विसरले. नायिका नवऱ्याला निरोप देताना गायली. मांडवात पंखासुद्धा कोणी हलवेना. गाणं संपलं. हे आता परत कधी ऐकायला मिळणार? तेवढ्यात आमच्यातली एक मुलगी ओरडली, "वन्समोअर!" —

बघा, पुन्हा तेच. एक मुलगी नाही हो. मी. मी ओरडले. मामानं सांगितलं होतं, वन्समोअर दिला की गाणं पुन्हा म्हणतात. म्हणून ओरडले, बेंबीच्या देठापासून. सगळा मांडव हसला. पण ती नायिका आमच्याकडे बघून हसली, पेटीवाल्याला खूण केली आणि अख्खं गाणं पुन्हा गायली. माझ्यासाठी! एवढं सुख मला त्याआधी कधी झालं नव्हतं.

मी केव्हाच खाली दडले होते. नीट दिसावं म्हणून जमनी उभी राहिली होती. बाईंनी मागं वळून पाहिलं तेव्हा उभी होती ती एकटीच.

मध्यंतरात बाई तरातरा जमनीपुढं आल्या. दुसऱ्या शाळेचे मास्तर त्यांना हसले होते, आणि त्यांनी तर आमच्या बापांना शब्द दिलेला. "जमने, तूच ना? असा आवाज दुसऱ्या कोणाचा?"

जमनीनं माझ्याकडे पाहिलं. मी चपलेचा अंगठा बघत होते. "मी नाही, बाई," एवढंच ती म्हणाली. कोण ते सांगितलं नाही. बाईंना वाटलं, वर खोटंही बोलते. गॅदरिंगचं गाणं तिच्याकडून काढून घेतलं आणि दिलं कोणाला? मला.

बापानं शाळेतून काढलं असतं, ही भीती होती मला. होती. पण बाप जमनीलाही होताच की.

आणि आता जे सांगते ते सांगायला जास्त जड आहे. मला ते गाणं येत नव्हतं. एक जागा गळ्यात बसेचना. मधल्या सुट्टीत निंबाखाली जमनीनंच मला ती शिकवली, घोटून घोटून. एकदाच म्हणाली, "तुया आवाज मले ओळखू येत नाही काय वं? माया कानात तं वरडली तू." ओ माय! मला रडूच कोसळलं. तर म्हणते कशी, "रडू नको, आवाज बसते. म्हन पुन्हा."

पुढं मी भजनी मंडळात गायले, गल्लीतल्या पोरींना गाणं शिकवलं. नवरा गेल्यावर गाण्यानंच मला धरून ठेवलं. ते सगळं जमनीचं देणं आहे. तिचं लग्न होऊन ती मारेगावकडे गेली म्हणतात. मी कधी शोधलं नाही.

गॅदरिंगला मी गायले. ती जागा अशी आली की टाळ्याच टाळ्या. बाई कौतुकानं स्टेजवर आल्या, सगळ्यांदेखत विचारलं, "ही जागा कोणाकडून शिकलीस गं?" जमनी समोरच बसली होती, शेजारी आरशांच्या घागऱ्यातली तिची याडी. आईला तिनं काय सांगून आणलं होतं, देव जाणे. एक नाव घ्यायचं होतं मला. फक्त एक नाव.

मी म्हणाले, "तुमच्याकडूनच, बाई."

बाईंचे डोळे भरून आले. जमनी टाळ्या वाजवत होती, आणि तिचं बघून तिची याडीही वाजवायला लागली.