माझ्या अक्षरातली ओळ

आमच्या बचत गटात बारावीपर्यंत शिकलेली मी एकटीच. त्यामुळे लोणच्याच्या बरण्यांवर लेबलं लिहायचं काम पहिल्यापासून माझ्याकडे आलं. बाकी सगळं माझ्या मोठ्या जावेच्या हातात. कैऱ्या कुठल्या आणायच्या, मीठ किती, तेल किती, हे तिला न मोजता कळायचं. लग्न होऊन मी हट्ट्याजवळच्या या गावात आले तेव्हा मला भाकरीसुद्धा धड थापता येत नव्हती. सासूबाई आधीच गेलेल्या. जावेनंच शिकवलं, परातीवर माझा हात हातात धरून. मी तिला अक्का म्हणते.

ती ओळ लेबलावर आली त्याला कारण झालं हिंगोलीचं एक प्रशिक्षण. शिकवायला आलेल्या मॅडम म्हणाल्या, आपल्याकडचा जवळजवळ सगळा कापूस आता बीटीचा, म्हणजे बोंडअळी लागू नये म्हणून जनुकं बदललेल्या बियाण्याचा. त्याच्याच सरकीचं तेल आपण खातो, पण डब्यावर तसं कुणी लिहीत नाही. ते अंगाला बाधतं का, यावर लोक भांडतात, असंही त्यांनी सांगितलं. "पण आपण काय खातोय ते खाणाऱ्याला कळायला नको का?" एवढंच त्यांचं म्हणणं.

परतीच्या बसमध्ये बाया हसत होत्या. एक म्हणाली, "आता लोणच्याची बी कुंडली मांडायची का?"

अक्का हसली नाही. "मांडायची. आपून घाण्यावरचं करडईचं तेल घालतो. खरं हाय तं लिवायला काय तकलीफ हाय?"

मला तिचा केवढा अभिमान वाटला. त्या आठवड्यापासून मी प्रत्येक लेबलावर लिहू लागले: 'लाकडी घाण्यावरचं करडईचं तेल. जनुक बदललेल्या पिकाचं तेल यात नाही.' शाईच्या पेनाचं अक्षर तेलकट बोटांनी फिसकटायचं, म्हणून स्केचपेन आणला. शंभर बरण्या झाल्या की बोटं आखडायची. कुणी छापून घेऊ म्हटलं तर मीच नको म्हणायची.

आमच्या बरण्या नरसीला देवळाजवळच्या एका दुकानात असत. दर्शनाला आलेली माणसं घेऊन जात. त्यातच परभणीच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. लेबलावर माझा नंबर होता, त्यावर त्यांचा दर उन्हाळ्यात फोन यायचा. यंदा त्या म्हणाल्या, "लोणचं राहू द्या, मला तुमचं ते तेलच पाच लिटर मिळेल का?"

तेल अक्काच आणायची, शिरड शहापूरच्या घाण्यावरून. पण ती कैऱ्यांच्या गडबडीत होती. तिला कशाला त्रास, म्हणून मी कॅन घेऊन बसने स्वतःच गेले.

घाण्याचा मालक दारात बसला होता. मी तेल मागितलं तर माझ्याकडे बघतच राहिला.

"घाणा काढून दोन साल झाले बाई. करडई पेरतंय कोण आता? काट्यापायी काढायला माणूस मिळत न्हाई."

"पण आमच्या अक्का तर इथूनच तेल नेतात."

"पयले नेत होत्या. आता लई दिवस झाले, आल्या न्हाईत."

मला वाटलं, ह्याचाच काहीतरी घोळ होतोय. मी आत डोकावले. सोयाबीनची पोती छतापर्यंत लावलेली आणि जमिनीत घाण्याचे गंजलेले बोल्ट.

रिकामा कॅन घेऊन परत आले ती थेट अक्काच्या घरी. अंगणात ती गटातल्या दोघींबरोबर कैऱ्या फोडत होती. मी सरळ मागच्या खोलीत गेले. तिथं धान्याच्या कोठीमागं रिफाइंडचे डबे होते. एक फिरवून वाचला. बारीक अक्षरात लिहिलं होतं, सरकीचं तेल. कुठल्या सरकीचं, ते नव्हतं. पण डब्यानं खोटं सांगितलं नव्हतं. खोटं मी लिहिलं होतं.

डबा उचलून मी अंगणात आणून ठेवला. अक्कानं हातातली कैरी खाली ठेवली.

"करडई मिळंना झाली," ती म्हणाली. "गट बंद पाडू का मंग? सरकी तं आपल्याच वावरातली हाय. आपली लेकरं रोज तेच खातेत. काय झालं त्यांना?"

"काही झालं नाही. पण मग तसं लिहायचं होतं ना. मला सांगायचं होतं."

"तुला सांगितलं असतं तं तू लिवलंच नसतं."

मी बाकीच्या दोघींकडे पाहिलं. एक पदर सारखा करू लागली. दुसरी हळूच म्हणाली, "समद्यायला ठावं होतं गं. तुलाच तेवढं न्हाई."

दोन उन्हाळे त्या सगळ्या माझ्यासमोर त्याच बरण्या भरत होत्या. मी मान खाली घालून लिहीत होते आणि त्या बघत होत्या. रात्री नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "वहिनीनं मला बी सांगितलं होतं. म्हटलं, जाऊ दे." म्हणजे घरातही.

दुसऱ्या दिवशी नरसीला जाऊन उरलेल्या बरण्या परत आणल्या. मग परभणीला फोन लावला आणि जे झालं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "कंपन्या लिहीत नाहीत, म्हणून मी तुमचं अक्षर बघून घ्यायचे." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

गटाची बैठक झाली. मी म्हटलं, सरकीचं तर सरकीचं, बीटीची आहे असं सरळ लिहू. अक्का म्हणाली, "मोठमोठे लिवत न्हाईत, आपूनच काहून लिवायचं?" सगळ्यांचे हात तिच्या बाजूनं वर गेले. आता लेबलं छापून येतात. त्यावर 'खाद्यतेल' एवढंच असतं. मी गट सोडला.

अक्काशी बोलणं तुटलेलं नाही. मधे एकच भिंत आहे, तुटून कसं चालेल? सणाला ती पोळ्या देते, मी घेते. पण परवा तिनं भिंतीपलीकडून हाक दिली, "नळाला पाणी आलंय गं," आणि मी हंडा उचलण्याआधी जाऊन तोटी फिरवून बघितली. ती तिच्या दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती.