ससाण्यासाठी डावा हात

मंडळी, आज लेकीने दिलेलं माझ्या वाढदिवसाचं पाकीट उघडलं, तर आत पुढच्या शनिवारचं बुकिंग निघालं. हॅमिल्टनबाहेरच्या एका फार्मवर ससाणा हातावर घ्यायचा, उडवायचा आणि परत बोलवायचा. लहानपणी गच्चीवर वाळवण राखायला बसवलं की मी घारींकडेच बघत राहायचे, हे ऐकून ऐकून लेकीला पाठ झालंय.

ती लगेच अव्हनचा जाड ग्लव्ह घेऊन आली. "लेट्स प्रॅक्टिस, आई."

मी उजवा हात पुढे केला.

"नो, लेफ्ट. खाऊ घ्यायला तो लेफ्टवरच येतो."

"अगं, डाव्या हाताने खायला कुणी देतं का?" मी बोलून गेले आणि ती हसतच सुटली.

कारण ही आमची डावखुरी. प्रसादाला डावा हात पुढे आला की मी म्हणायचे, "उजवा, बाळा. होईल सवय."

दुपारपासून मी ग्लव्हवर पनीरचा तुकडा ठेवून घरभर फिरतेय. शनिवार कधी येतो असं झालंय. तुमच्यापैकी कुणी हे केलंय का? पक्षी बसला की हात थरथरतो का हो?

लेकीला हेच विचारलं, तर एरवी इंग्लिशमध्ये उत्तर देणारी ती चक्क मराठीत म्हणाली, "होईल सवय, बाळा."