काकाचे तीन अल्बम आणि ईराच्या चार ओळी

घरात रॅपर दीर असला की किस्से साठतच जातात, सिंकमध्ये भांडी साठतात तसे. पण माझी झोप उडाली ती वेगळ्याच काळजीनं. माझी साडेचार वर्षांची लेक ईरा घरी बडबडून डोकं उठवते आणि शाळेत चार महिन्यांत एक शब्द नाही! बाई म्हणाल्या, "गॅदरिंगला तिच्या काकाच्या चार ओळी म्हणू दे. आवडीचं असलं की बोलेल."

काका म्हणजे सूरज. त्याचे अल्बम तीन. ओळी कुठल्यातल्या घ्यायच्या? मी पडले एम.ए.! अभ्यासालाच बसले.

*

पहिला अल्बम उचगावच्या गोठ्यात, मोबाईलवर केलेला. शब्द एकदम खरे: ऊस, गेलेली लाईट, दहावीला दोनदा राहिलेलं गणित. पण दर तिसऱ्या ओळीला शिवी! मागं म्हैस हंबरते ती वेगळीच.

"तिचा आवाज काढून का टाकला नाहीस?"

"वैनी, अख्ख्या अल्बममधी टायमिंगला तीच बरोबर हाय!"

*

दुसरा पुण्याच्या स्टुडिओतला. बेसच्या दणक्यानं मांडणीवरचे डबे हलले. आवाज मशीननं गुळगुळीत केलेला. शब्द मात्र दुबई, गॉगल, परत दुबई.

सासूबाईंनी विचारलं, "कोण गातोय ह्यो?"

"आई, मीच की!"

"व्हय? मग घसा कुणी घासून दिला तुझा?"

*

तिसऱ्यात बीट जवळजवळ नाहीच. 'मिनिमल' म्हणे! नवऱ्यानं दोनदा स्पीकर उलटा करून बघितला. शब्द मात्र तिन्हींत सगळ्यात सुंदर, मला रडू आलं. पण 'मी कुणालाच कळलो नाही' हे साडेचार वर्षांच्या पोरीनं म्हणायचं?

*

शेवटी तक्ता केला. शब्द, बीट, शिव्या. तिन्हींना सारखेच मार्क! मग सूरजलाच विचारलं, "तुझा सगळ्यात चांगला कुठला?"

"चौथा."

"कुठाय तो?"

"अजून केला न्हाय की!"

*

पहिल्यातले शब्द घेतले, शिव्या गाळून. बीट दुसऱ्यातली. घरी ईरानं धडाधड म्हणून दाखवलं.

गॅदरिंगला ती माईकसमोर उभी राहिली. सूरजनं बीट लावली. ईरा गप्प. बीट पुन्हा पहिल्यापासून. तरी गप्प! तिसराच घ्यायला हवा होता का? की माझंच काही चुकलं, अगदी पहिल्यापासून?

पहिल्या रांगेत प्रमुख पाहुणे फोनवर मोठमोठ्यानं ट्रॅक्टरच्या टायरबद्दल बोलत होते. ईरानं हात वर केला. सूरजनं बीट थांबवली. तिनं माईक तोंडाशी ओढला.

"ओ पावणं! फोन ठेवा की. कवाधरनं थांबलीय मी!"