सदूच्या वेल्डिंगचा आवाज

तुम्ही बसलाच आहात आणि चहाही अजून यायचा आहे, तर माझा गाढवपणा माझ्याच तोंडून ऐका. उद्यमनगरात विचाराल तर हा किस्सा दहा जण सांगतील, पण प्रत्येक जण त्यात मला थोडा जास्तच येडा करतो. मी झाला तेवढाच सांगतो. तेवढाही पुरेसा आहे.

उद्यमनगरात माझे तीन लेथ आहेत. पंपाचे शाफ्ट, बुश, असली कामं. वय बेचाळीस. या वयात माणूस एक तर प्लॉट घेतो, नाहीतर बीपीची गोळी घेतो. मी गाडी घेतली. छोटी, लाल, दोनच माणसांची जुनी जपानी स्पोर्ट्स गाडी. पुण्याच्या एका गृहस्थांचा तिच्यात बसता-उठता गुडघा दुखायला लागला, म्हणून ती माझ्याकडं आली. माझाही गुडघा दुखतो, पण मी सांगत नाही.

नुसती फिरवायला घेतली नव्हती. मला ड्रिफ्टिंग करायचं होतं. म्हणजे वळणावर गाडीचं बूड मुद्दाम घसरवायचं, आणि गाडीचं तोंड भलतीकडं असताना तिला पाहिजे तिकडं न्यायची. गावाबाहेर ट्रॅक आहे. महिन्यातून एका रविवारी तिथं ‘ट्रॅक डे’ असतो. आपापली गाडी आणा, हेल्मेट घाला, मनसोक्त पळवा. असलं काही रस्त्यावर करायचं नाही, एवढी अक्कल मला होती.

तर ड्रिफ्टिंगसाठी गाडीत एक मोठं काम करावं लागतं. मागच्या दोन चाकांच्या मधे डिफरन्शियल असतो. वळताना एक चाक जास्त फिरावं, एक कमी, ही सोय तो करतो. आम्हाला ती सोयच नको असते, दोन्ही चाकं एकदम सुटायला हवीत. मग डिफरन्शियल उघडायचा आणि आतले गिअर एकमेकांना वेल्ड करून टाकायचे. कायमचे. हे काम ऐऱ्यागैऱ्याला देता येत नाही. ते तुटलं आणि तुकडा दातात अडकला, तर मागची चाकं भर वळणात जाम.

म्हणून सदू. शाळेत माझ्या बाकावर बसायचा, आता पंचवीस वर्षं वेल्डिंग करतो. त्याचं काम परत आलेलं कुणी बघितलेलं नाही. उसाच्या ट्रॉल्या, गुऱ्हाळाचे चरक, आमच्या तालमीच्या शिवजयंतीच्या मिरवणुकीतला रथाचा सांगाडा, सगळं त्याच्या हातचं. ट्रॉली मोडते, पण सदूचा जोड सोडून दुसरीकडं, असं लोक सांगतात.

सदूला माझा बेत काही पटला नाही.

“चांगली चालती गाडी हाय. तिला लंगडी कशाला करतोस?”

“लंगडी न्हाय रं, ड्रिफ्टिंग.”

“त्येच की.”

पण दोस्ताचं काम. दोन दिवस शटर अर्धं ओढून त्यानं ते केलं. वेल्डवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “आता गाडी मोडंल, ह्यो न्हाय मोडायचा.”

दुसरं काम वजन उतरवण्याचं. ते मी घरी, दारातच करत होतो. गालिचा काढला, एसी काढला, टेप काढला, छताचं कापड काढलं. आई पायरीवर बसून बघत होती.

“आरं, गाडी सोलतोस का कोंबडी?”

मी डिकी उघडून जॅक आणि स्टेपनी बाहेर काढली, तशी ती उठलीच. गाडी घरी आली त्या दिवशी आईनं जोतिबाचा नारळ लाल फडक्यात बांधून स्टेपनी आणि जॅकच्या मधे गच्च बसवला होता.

“बाकी काय काढायचं त्ये काढ. त्यो नारळ हलवायचा न्हाय.”

“आई, वजन कमी करायलोय.”

“देवाचं वजन हुतंय व्हय तुला?”

मी नमस्कार केला आणि नारळ स्टेपनीच्या रिकाम्या खड्ड्यात ठेवून दिला.

पहिला ट्रॅक डे आला. तपासणीला शेटे मॅडम होत्या, हातात फॉर्म. बॅटरी आवळलीय का, हेल्मेट बरोबर आहे का, ब्रेक कसे आहेत, सगळं बघितलं. शेवटी विचारलं, “गाडीत सुटी वस्तू काही?”

“मॅडम, खिशातलं पेनसुद्धा घरी ठेवून आलोय,” मी छाती फुगवून सांगितलं आणि सही ठोकली. सहीला पेन त्यांचंच घ्यावं लागलं.

पहिल्या वळणावर हँडब्रेक ओढला, बूड सुटलं, गाडी आडवी झाली. काय सुख होतं म्हणून सांगू. आणि तेवढ्यात मागून आवाज आला. धप्प. आणि त्याच्या पाठोपाठ बारीकसा, खुळ्ळ.

दुसरं वळण. धप्प, खुळ्ळ. सरळ रस्त्याला काही नाही. वळण आलं की धप्प, खुळ्ळ. डावीकडं वळलो की उजवीकडून, उजवीकडं वळलो की डावीकडून. गाडी बाहेर घेतली. सदू कठड्याला टेकून उभा होता.

“सदू, तुझा जोड सुटला.”

“न्हाय सुटत,” तो म्हणाला. एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्यानं डिफरन्शियल उतरवला, उघडला, टॉर्च मारून दाखवला. जोड जसाच्या तसा. परत बसवला. परत आवाज. मी परत उघडायला लावला. तरी जोड तसाच.

आता शहाणा माणूस काय करेल? दुसरीकडं बघेल. मी चहाच्या गाड्यावर गेलो.

उद्यमनगरात चहाच्या गाड्यावर एखाद्या आवाजाचं वर्णन करणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत स्वतःचं दुखणं सांगणं. प्रत्येकाकडं औषध असतं. एक म्हणाला, पिनियनचं बेअरिंग. दुसरा म्हणाला, माउंटिंगचं रबर. तिसरा म्हणाला, आवाज दोन आहेत म्हणजे फॉल्टपण दोन आहेत. हे सगळ्यांना पटलं. बेअरिंग बदललं, रबर बदललं, सायलेन्सरचे हँगर बदलले. जो येईल तो डिकी उघडायचा, आधी देवाच्या पाया पडायचा, नारळ उचलून शेजारच्याच्या हातात द्यायचा, खालचे बोल्ट आवळायचा, नारळ अदबीनं जागेवर ठेवायचा आणि मान हलवायचा. “इथं काय न्हाय, भावा.”

शेवटी गणपा मिस्त्री म्हणाला, “मला डिकीत बसवा. कानानं शोधतो.” गणपा चणीनं एवढासा, बसतो कुठंही. ट्रॅकमागच्या मोकळ्या मैदानात, डिकीचं झाकण काढून, मी त्याला खड्ड्यात बसवला आणि हळूहळू गोल गोल फिरवला. हे तुम्ही करू नका. आम्हीही करायला नको होतं.

आवाज नाही. डावीकडं नाही, उजवीकडं नाही. गणपा उतरला, मी एकट्यानं फेरी मारली. धप्प, खुळ्ळ. परत गणपा आत. आवाज बंद.

मग गणपानं निदान केलं. “मागं वजन पडलं की जोड दबून बसतोय. वजन न्हाय, की सुटतोय. डिफरन्शियलच हाय, दुसरं काय न्हाय.”

पुरावाच मिळाला म्हणायचा. मी तडक चहाच्या गाड्यावर गेलो आणि दहा-बारा माणसांत मोठ्यांदा म्हणालो, “सदूचं वेल्डिंग गेलंय. आम्ही सिद्ध केलंय.”

सदू तिथंच होता. मला दिसला नव्हता. त्यानं हातातला ग्लास खाली ठेवला.

“दोनदा उघडून दावला की तुला.”

“डोळ्याला दिसत न्हाय सदू, पर सुटलाय. गणपाला इचार.”

गणपानं चहात तोंड घातलं. सदूनं चहाचे पैसे गाड्यावर ठेवले. “मग आसंल,” म्हणाला आणि गेला.

एवढ्या वर्षांत त्यानं माझ्याशी अनेक भांडणं केली, पण ‘मग आसंल’ असं कधी म्हणाला नव्हता. मला तेव्हाच कळायला हवं होतं. मला वाटलं, मान्य केलं.

उद्यमनगरात बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. आठवड्यात तालमीपर्यंत पोचली. आमच्याकडची शिवजयंती वैशाखात, ती तोंडावर आलेली. रथावर पोरं उभी राहणार, जोखीम नको, म्हणून तालमीनं यंदा सांगाड्याचं काम दुसऱ्याला द्यायचं ठरवलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा. सदूनं कुणाला काही विचारलं नाही. सकाळी शटर उघडायचा, खुर्चीवर बसायचा, संध्याकाळी शटर ओढायचा. वेल्डिंगचा होल्डर खुंटीवर. मी समोरून जाताना मोबाइल बघत जायचो. वाईट वाटत होतं, खोटं कशाला सांगू. पण त्याहून जास्त असं वाटत होतं, की आपण खरं बोललो, आता खऱ्याला कोण काय करणार.

जोतिबाची चैत्र यात्रा झाली. आई डोंगरावरून आली ती गुलालानं माखलेली आणि हातात नवा नारळ. गाडीतला जुना काढून हा ठेवायचा, असा आईचा रिवाज. मी डिकी उघडून दिली. आईनं जुना नारळ हातात घेतला आणि तिथंच थांबली.

“संजा, ह्यो कुणी आपटला?”

फडक्याला दोन भोकं पडलेली. शेंडी निम्मी गेलेली. एका अंगानं नारळ असा गुळगुळीत झाला होता, की मी लेथवर लावूनही एवढं फिनिशिंग देऊ शकलो नसतो. आईनं तो कानापाशी नेला आणि हलवला.

खुळ्ळ.

“आतलं खोबरं सुटलंय. गोटा झालाय,” आई म्हणाली.

मी तिच्या हातातून नारळ घेतला, रिकाम्या खड्ड्यात ठेवला आणि हातानं ढकलून दिला. तो गडगडत गेला, पत्र्याला आपटला, धप्प. आणि आतला गोटा आपटला, खुळ्ळ.

स्टेपनी होती तोवर बिचारा गच्च बसला होता. स्टेपनी मी काढली. त्याला मोकळा मी ठेवला. सुटी वस्तू नाही म्हणून सही मी केली. आणि सुटलं म्हणे सदूचं वेल्डिंग. डझनभर मिस्त्र्यांनी तो नारळ हातात घेतला, पण एकाच्याही डोक्यात आलं नाही, कारण तो वस्तू थोडाच होता? देव होता.

मी नारळ घेऊन सदूच्या शटरसमोर उभा राहिलो. नुसता हलवून दाखवला. खुळ्ळ. सदूनं नारळाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

“गणप्या डिकीत बसला तवा नारळ कुटं हुता?”

गणपाला हाक मारली. तो आला आणि खाली बघत म्हणाला, “माझ्या मांडीवर. मग काय देवाला भुईवर ठिवू?”

मी म्हणालो, “चुकलो सदू. पाया पडतो.”

“पाया पडून काय हुतंय,” तो म्हणाला. “गाड्यावर दहा माणसांत बोललास न्हवं? आता तालमीत चाळीस माणसांत बोल. नारळ हातात घ्यून.”

गेलो. सगळी तालीम जमलेली, आणि मधे मी, जोतिबाचा नारळ कानापाशी हलवून दाखवतोय. धप्प कसा, खुळ्ळ कसा. परत करून दाखव म्हणाले, परत करून दाखवला. मागून कुणीतरी तिसऱ्यांदा फर्माईश केली. वस्ताद हसून हसून डोळे पुसत म्हणाले, “सदूला सांगा, सांगाडा घ्यायला या.”

रथ सदूनंच केला. पोरं त्यावर नाचली, उड्या मारल्या, सांगाडा जागचा हलला नाही. जुना नारळ आईनं नदीत सोडला. आणि मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी सदू न बोलावता घरी आला, डिकीत एक लोखंडी कडं वेल्ड केलं, नवा नारळ त्यात बसवला, वरून पट्टा आवळला, अंगठा फिरवला. आई म्हणाली, अख्ख्या गाडीत तेवढंच काम धड झालंय.

पुढच्या ट्रॅक डेला सदू माझ्याबरोबर आला. मी पट्टे बांधून तयार बसलेलो. शेटे मॅडम फॉर्म घेऊन आल्या. बॅटरी, हेल्मेट, ब्रेक, सगळं झालं.

“गाडीत सुटी वस्तू काही?”

मी तोंड उघडायच्या आत मागून सदू बोलला.

“एकच हाय, मॅडम. स्टेरिंगमागं बसलीया. पट्टा आवळलाय, पर गॅरंटी माझी न्हाय.”

मॅडमनी ते तसंच फॉर्मवर लिहून घेतलं, आणि खाली माझी सही घेतली.